वाचकांचे प्रश्न : बाटली, पावडर आणि घड्याळ

या वेळी बरीच पत्रं तान्ह्या बाळाच्या दुधाबद्दल आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर खालच्या आकड्यांपेक्षा तुमच्या डॉक्टरांचा शब्द मोठा.

प्रश्न : मुलगी दोन महिन्यांची, वजन 4.8 किलो, पूर्णपणे पावडरच्या दुधावर. डब्यावर एका वेळी 120 मिली लिहिलंय. ती 90 ला तोंड फिरवते, पण दिवसातून आठ वेळा पिते. घरातले म्हणतात, "एवढंसंच राहिलंय, घाल पोटात." घातलं की गुळणी येते. कुणाचं खरं?

उत्तर : मुलीचं. डब्यावरचा तक्ता पुन्हा बघा. 120 च्या पुढे "दिवसातून सहा वेळा" असं काहीतरी छापलेलं सापडेल, म्हणजे 720 मिली. तुमची मुलगी 90 मिली आठ वेळा पिते, तेही 720 च होतं. पहिल्या काही महिन्यांत किलोमागे दिवसाला साधारण 150 मिली असा ढोबळ हिशोब धरतात. 4.8 ला 150 ने गुणलं तरी 720. ती हिशोबाला पक्की आहे, फक्त हप्ते जास्त पाडतेय. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर उरलेलं 30 मिली ओतून टाका. जिवावर येतं हे मान्य, पण पुढच्या वेळी 90 च बनवा.

खरा मुद्दा बाटली धरण्याचा आहे. अंगावर पिताना बाळ चोखायचं थांबलं की धारही मंदावते. बाटली उभी धरली की दूध आपोआप तोंडात पडत राहतं आणि बाळाला गिळण्यावाचून गत्यंतर नसतं. बघणाऱ्याला वाटतं, किती भुकेली होती, गटागटा पितेय. पोट भरल्याची जाणीव व्हायला थोडा वेळ लागतो आणि तोवर बाटली रिकामी झालेली असते.

म्हणून बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मानेला हाताचा आधार द्या. निपल वरच्या ओठाला टेकवा आणि तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, आत सारू नका. बाटली जवळपास आडवी ठेवा, निपलच्या टोकात दूध राहील इतकीच तिरकी. दर 20-30 मिलीनंतर बाटलीचा बूड खाली करा. निपल तोंडातच असू द्या, फक्त दूध मागे जाईल. बाळ पुन्हा ओढायला लागलं की बूड वर. असं करताना थोडी हवा पोटात जाईल, ती ढेकर काढताना निघते. 90 मिलीला 15 ते 20 मिनिटं लागणं ठीक.

पाच मिनिटांत बाटली संपत असेल, तर निपलचं छिद्र मोठं आहे. बाटली उलटी धरून बघा. थेंब थेंब पडायला हवेत, धार लागता कामा नये. निपलवर छापलेल्या महिन्यांवर फार विसंबू नका, एका कंपनीचं "0 ते 3" दुसरीच्या "3 ते 6" पेक्षा वेगवान असू शकतं. बाळाकडे बघा : हाताची बोटं ताणलेली, भुवया वर, ओठांच्या कडेने दूध ओघळतंय, घशात घटघट आवाज. या खुणा दिसल्या की धार झेपत नाहीये. उलट, निपल सारखं चपटं होत असेल तर रिंग फार घट्ट पिळलेली असते आणि आत हवा जात नाही. पाव फेरा सैल करा.

साध्या गुळणीची काळजी नको. उलटी हिरवी असेल, प्रत्येक वेळी फेकल्यासारखी जोरात होत असेल, किंवा पिताना बाळाला घाम फुटून ते दमून जात असेल, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न : रात्रपाळी माझ्याकडे (मी बाबा). आधी पावडर टाकतो आणि 120 च्या रेघेपर्यंत कोमट पाणी भरतो. झोपायच्या आधी तीन बाटल्या तयार करून उशाशी ठेवल्या तर चालतील का? हल्ली बाळाला शी कडक होते.

उत्तर : कडक शीचं एक कारण तुमच्या पत्रातच असू शकतं. पाणी नेहमी आधी. 120 मिली पाण्यात चार चमचे पावडर पडली की दूध 130 च्या वर जातं, कारण पावडरही जागा घेते. तुम्ही पावडरवर रेघेपर्यंत पाणी ओतता, म्हणजे पाणी 105-110 मिलीच पडतं आणि प्रत्येक बाटली घट्ट होते. घट्ट दुधाने शी कडक होऊ शकते आणि मूत्रपिंडांवर क्षारांचा भार येतो. "जरा पातळ करू, पचेल" हे त्याहून वाईट. रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. चमचा त्याच डब्यातला वापरा, कारण काही डब्यांत एक चमचा 30 मिलीला असतो, काहींत 60 ला. सुरीच्या पाठीने सपाट करा. शीग नको, दाबून भरणं नको.

आता पाण्याचं. पावडर निर्जंतुक नसते, हे बहुतेकांना माहीत नसतं. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तिच्यात क्वचित आढळतो, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना तो सगळ्यात घातक. म्हणून जागतिक आरोग्य संघटना 70 अंशांच्या खाली न गेलेलं पाणी वापरायला सांगते. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत पावडर मिसळा. पाणी थोडं असेल तर त्याहून लवकर. मग झाकण लावलेली बाटली नळाच्या धारेखाली धरून निववा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. डब्यावर कोमट पाणीच लिहिलं असेल, तर तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांना विचारा. पावडरऐवजी तयार द्रवरूप दूधही मिळतं, ते निर्जंतुक असतं.

उशाशी बाटल्या नकोत. बनवलेलं दूध बाहेर दोन तास, आणि बाळाने तोंड लावल्यापासून एक तास. नंतर फेका. आधीच बनवायचं असेल तर लगेच थंड करून फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. तिथे 24 तास चालतं. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मध्येच चटका देणारं दूध असतं.

धुताना निपल उलटं करा आणि रिंगच्या आट्यांत ब्रश फिरवा. साय तिथेच चिकटून आंबते. मग सगळे भाग सुटे करून, हवेचे बुडबुडे न राहता पाण्यात बुडवून उकळा.

प्रश्न : दहा दिवसांनी कामावर रुजू व्हायचंय. बाळ तीन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं, बाटली दिसली की आकांत. काढून ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो, म्हणून तर नसेल?

उत्तर : असू शकेल. काही जणींच्या दुधात चरबी फोडणारं विकर (एन्झाइम) जास्त असतं, दूध ठेवलं की तो वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं तोंड लावत नाहीत. ताजं काढलेलं देऊन बघा. ते घेतलं तर कारण सापडलं. काढलेलं दूध खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. गोठवलेलं एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नका.

बाटली तुम्ही देऊ नका, बाबा किंवा आजीला देऊ दे. तुम्ही दुसऱ्या खोलीत जा, आवाजही नको. भूक कडकडून लागायच्या आधी, अर्धवट झोपेतून उठताना 20-30 मिली पुरे. निपल कोमट पाण्यात बुडवून द्या. दहा मिनिटांत नाही घेतलं तर थांबा, पुन्हा दुसऱ्या वेळी. हट्टाला हट्ट केला की बाटलीची धास्तीच बसते. नाहीच जमलं तर छोट्या उघड्या कपाने किंवा चमच्याने पाजता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : बाळ पाच आठवड्यांचं. नवऱ्याला दर तीन तासांचं वेळापत्रक हवं, मला वाटतं बाळ मागेल तेव्हा द्यावं. रोज वाद. वर एक मैत्रीण म्हणते, बाटलीच्या बाळाला आईचा लळा लागत नाही.

उत्तर : हा वाद जुना आहे. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी 1907 मध्ये बाळांच्या आरोग्यासाठी काम करणारी प्लंकेट सोसायटी सुरू केली आणि दर चार तासांनी दूध, रात्री काही नाही, अशी शिस्त घालून दिली. कित्येक वर्षं अनेक देशांतल्या आया घड्याळाकडे बघत, रडणारं बाळ शेजारी ठेवून बसल्या. आज तसं कुणी सांगत नाही. मूठ तोंडात घालणं, मान वळवून तोंडाने चाचपणं, ओठ चाटणं, हीच भुकेची वेळ. रडणं ही उशिराची खूण, आणि रडवेलं बाळ नीट पीत नाही.

तरी घड्याळाला एक काम आहे, आणि तिथे तुमच्या नवऱ्याचं बरोबर. जन्माचं वजन भरून निघेपर्यंतचे पहिले दोन आठवडे, कावीळ असताना किंवा बाळ फारच झोपाळू असेल तर ते मागतच नाही. अशा वेळी तीन-चार तासांनी उठवून पाजावं लागतं. म्हणजे घड्याळ न मागणाऱ्या बाळासाठी, मागणाऱ्याला थांबवायला नाही. पाच आठवड्यांचं, वजन वाढणारं बाळ तुमच्या बाजूने. मधला मार्गही आहे : वेळा लिहून ठेवा, ठरवू नका. आठवडाभराच्या नोंदीत बाळाचं स्वतःचं वेळापत्रक बऱ्याचदा दिसायला लागतं, आणि नवऱ्याला हातात कागद मिळतो.

लळ्याचं म्हणाल तर 1958 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या : तारेच्या आईकडे दुधाची बाटली होती, मऊ कापडाच्या आईकडे नव्हती. पिल्लं दुधापुरती तारेकडे जायची आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून असायची. (प्रयोग क्रूर होता, हेही खरं.) तेव्हा लळा बाटलीने अडत नाही, कुशीने लागतो. म्हणून बाटली उशीला टेकवून ठेवू नका. कुशीत घ्या, नजरेला नजर द्या, अर्ध्यावर हात बदला. टेकवलेल्या बाटलीने ठसका लागतो, कानात संसर्ग होऊ शकतो. पहिले काही आठवडे पाजणारी माणसं दोन-तीनच ठेवा, म्हणजे बाळाच्या खुणा त्यांना ओळखता येतील.

वेळापत्रक लावलं तर "कडक पालक", मागेल तेव्हा दिलं तर "मोकळे पालक", या वर्गवाऱ्या तूर्त बाजूला ठेवा. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी त्या 1960 च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं बघून मांडल्या. पाच आठवड्यांच्या बाळाला लाड करून बिघडवता येत नाही.

प्रश्न : मुलगा 14 महिन्यांचा. बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही.

उत्तर : दूध रात्रभर दातांवर साचतं आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. आधी दुपारची बाटली बंद करून कप द्या, आठवड्याने सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी : दूध झोपायच्या आधी बसून, मग दात पुसून अंथरुणात. फारच रडारड झाली तर त्या बाटलीत दर दोन दिवसांनी थोडं दूध कमी आणि तेवढं पाणी जास्त. एक वर्षानंतर हे चालतं, त्याआधी कधीच नाही. 18 महिन्यांपर्यंत बाटली सुटायला हवी.