वाचकांचे प्रश्न : बागेच्या आरक्षणावर हरकत

प्रश्न : कोथरूडला आमच्या सोसायटीशेजारची जागा विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित आहे. ते आरक्षण बदलणार असं कळतंय. रहिवाशांना काही करता येतं का?

उत्तर : येतं, पण मुदत आखूड आहे. असा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. त्याची सूचना (नोटीस) सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिच्या तारखेपासून हरकतींसाठी फक्त एक महिना मिळतो. राजपत्र वाचतो कोण? म्हणून महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडे अधूनमधून चौकशी ठेवा.

हरकतीत सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक आणि सूचनेची तारीख हवीच. ‘बाग हवी’ एवढंच लिहून भागत नाही. जवळची दुसरी बाग किती अंतरावर आहे, सोसायट्यांत किती घरं आहेत, हे आकड्यांत मांडा, झोन दाखला (जागा आराखड्यात कशासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा त्या जागेपुरता नकाशा) जोडा. सुनावणी हवी, असं स्पष्ट लिहा. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकती बऱ्या. आवक शिक्क्याची पोच घ्याच. पोच नसेल तर हरकत दिल्याचं पुढे सिद्ध करता येत नाही.

अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते, त्यामुळे एक प्रत नगरविकास विभागालाही पाठवा.