इंग्लंडमध्ये शेजाऱ्याचं लेलँडीचं कुंपण फार वाढलंय. काउन्सिलकडे तक्रार केली तर पुढे घर विकताना अडचण येते का?

तक्रार करा. घर विकाल तेव्हा विकाल, राहायचं आज आहे.

आमच्या बागेच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची लेलँडी होती, म्हणजे कुंपणासाठी दाट लावतात ती सदाहरित झाडं. वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढणारी जात ती. भर जूनमध्येही दोरीवरचे कपडे दमट, आणि मेथी पेरली की पिवळी पडणार. पण आमचे थोरले दीर म्हणायचे, "आपण बाहेरून आलेली माणसं, शेजाऱ्याशी वाकडं कशाला?" आणि हे त्यांना मान डोलवायचे. का हो, काउन्सिल टॅक्स भरताना बरे आपण बाहेरचे नसतो!

मी आधी गोडीत सांगून पाहिलं, मग पत्रं दिली. पत्रांच्या प्रती ठेवाच. आपसात मिटवायचा प्रयत्न केलेला दिसला नाही तर काउन्सिल तक्रार परत पाठवू शकतं. फी काउन्सिलगणिक वेगळी, काही ठिकाणी शेकडो पौंड. त्यावर भाऊजी म्हणाले, "झाडापायी एवढे पैसे?" मी भरले, माझ्या पगारातून.

सरकारी मार्गदर्शिकेत हिशोब दिलेला आहे: सपाट जमिनीवर कुंपण बागेच्या दक्षिणेला असेल तर बागेची लांबी गुणिले ०.२५. आमची बाग १२ मीटर, म्हणजे ३ मीटर. त्यावरची उंची उजेड अडवते असं धरतात. कुंपण त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. अधिकारी येऊन मोजून गेला, नोटीस निघाली. शेजाऱ्यांना २८ दिवसांत अपील करता आलं असतं, त्यांनी केलं नाही. माणूस बोलावून छाटून घेतलं. नोटीस धुडकावली तर १००० पौंडांपर्यंत दंड होतो, हे त्यांना ठाऊक असणार. आता भाऊजी उन्हाळ्यात आले की उन्हातली खुर्ची आधी तेच धरतात.

हो, एक राहिलं. ज्याखाली ही तक्रार होते तो २००३ चा कायदा फक्त सदाहरित किंवा अर्धसदाहरित झाडांच्या ओळीला लागतो. किमान दोन झाडं आणि उंची २ मीटरच्या वर हवी. एकट्यादुकट्या झाडासाठी फी वाया घालवू नका. कुंपण २ मीटरच्या खाली आणा किंवा उपटून टाका, असंही काउन्सिल सांगू शकत नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे पानगळीची झाडंही चालतात.

घर विकताना विकणाऱ्याने घराची माहिती भरून द्यायच्या टीए६ (TA6) फॉर्मवर शेजाऱ्यांशी झालेले वाद विचारतात. खरं ते लिहा, लपवलंत तर नंतर अंगाशी येईल. यांच्या मते तेवढ्यानेच गिऱ्हाईक पळतं. आम्हाला घर विकायचं नाहीये, त्यामुळे तो वाद घरात चालूच आहे.