मोडलेली वाट आणि होकायंत्र

प्रश्न : आम्ही नागपूरचे चौघे मित्र दिवाळीनंतर चिखलदऱ्याच्या बाजूने गाविलगडच्या डोंगरातली एक जुनी पायवाट उतरू इच्छितो. ती गवतात बुजली आहे, असे गावकरी सांगतात. मोबाईलवरील नकाशा पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. दरीत मोबाईलची रेंज जाते आणि बॅटरीही संपते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा कागदी नकाशा व साधे होकायंत्र सोबत ठेवावे. या नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर. पण समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) सहसा 20 मीटर उंचीचे अंतर असल्याने पंधरा मीटरचा कातळकडा त्यांत सहज लपतो, आणि हा डोंगर बेसाल्ट या काळ्या खडकाच्या थरांचा, पायऱ्यांसारखा असल्याने असे कडे ओढ्यांच्या पात्रात हमखास आडवे येतात. ओढ्यातून उतरण्याचा मोह म्हणूनच टाळा, सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवरून, उतरा. या एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. बेसाल्टमध्ये लोहखनिज असल्याने होकायंत्र खडकावर टेकवू नये. हातात धरून दोन-तीन ठिकाणी दिशा पडताळावी.

ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल, तर नेमका पुलाचा नेम न धरता मुद्दाम त्याच्या डावीकडे रोख ठेवावा, म्हणजे ओढा लागताच उजवीकडे वळायचे हे निश्चित असते. वेळेचा हिशेब सपाटीच्या दुप्पट धरा. हा मेळघाटचा परिसर व्याघ्र प्रकल्पाचा असल्यामुळे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय आणि स्थानिक कोरकू वाटाड्याशिवाय निघूच नका.