डबा बोट विसरतो तेव्हा

प्रश्न : ताई, नमस्कार. तुर्भ्याच्या मसाला मार्केटजवळ आमचं हळद-मिरची पॅकिंगचं युनिट आहे, मी तिथलं ॲडमिन बघते. गेल्या वर्षी साहेबांनी जुने कॉम्प्युटर काढून ३४ थिन क्लायंट, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरच्या जिवावर चालणारे छोटे कॉम्प्युटर, बसवले. माणसं ६०, शिफ्ट दोन, त्यामुळे कोणाचीच जागा ठरलेली नाही. पासवर्ड सगळ्यांना सगळ्यांचे पाठ. दोन तर कीबोर्डच्या पोटाशी चिकटवून ठेवलेत. मागच्या महिन्यात एका पावतीतलं वजन बदललं गेलं आणि ते कोणी बदललं हे शेवटपर्यंत कळलं नाही. आता बायोमेट्रिक लॉगिन करायचं घाटतंय. व्हेंडर यूएसबीचे थंब रीडर देतो म्हणतो, साहेबांना चेहरा ओळखणारा कॅमेरा हवाय. काय घेऊ?
— एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

उत्तर : ऑर्डर गेली नसेल तर आठवडाभर थांबवा. मी याच कामात एकदा तोंडावर आपटले आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका कचेरीत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. चाळीस डबे होते (आम्ही थिन क्लायंटला डबाच म्हणायचो), म्हणून चाळीस रीडर मागवले. शनिवारी दिवसभर रांग लावून सगळ्यांची बोटं नोंदवली, वर वडापाव वाटले. रविवारी वीज गेली. सोमवारी सकाळी एकाही डब्याला एकही बोट आठवेना. साहेब माझ्याकडे, मी व्हेंडरकडे आणि व्हेंडर छताकडे बघतोय!

रीडर उत्तम होते, चूक माझी होती. डब्याच्या पोटात सर्व्हर गाठण्यापुरतंच सामान असतं, खरं काम सगळं सर्व्हरवर चालतं. त्यातून डबा विंडोजचा असला तर बहुधा त्यात राइट फिल्टर चालू ठेवलेला असतो. दिवसभरात डब्यावर जे काही लिहिलं जाईल ते रीस्टार्ट झालं की पुसून टाकायचं, हे त्याचं काम. व्हायरस टिकू नये म्हणून केलेली सोय आहे ती, पण त्याच केरसुणीने आमची बोटंही गेली.

फिल्टर बंद केला असता तरी भागलं नसतं. बोट किंवा चेहरा दाखवून लॉगिन करायची विंडोज हॅलो नावाची जी सोय लॅपटॉपवर असते, तिच्यात ठशाचा नमुना त्या एका यंत्रातच राहतो, शेजारच्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो. शिवाय एका यंत्रावर जास्तीत जास्त दहा जणांची नोंद होते. तुमच्याकडे कोणीही कुठेही बसतं, म्हणजे ६० माणसांनी ३४ डब्यांवर मिळून २०४० वेळा बोट टेकवायचं, आणि प्रत्येक डब्यावर अकरावा माणूस बाहेरच! डबे लिनक्सचे असतील तर ही सोय मुळातच नाही. रीडरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) तरी मिळतो का, इथून सुरुवात.

म्हणून बोट की चेहरा हे नंतर ठरवा. व्हेंडरला आधी विचारा की नोंदवलेल्या नमुन्याशी जुळवणी होते कुठे : डब्यात, सर्व्हरवर, की माणसाच्या खिशातल्या वस्तूत? डब्यात होत असेल तर तुमच्यापुरता विषय संपला.

सर्व्हरवर जुळवणी करणारी सॉफ्टवेअर आहेत. एकदा नोंद केली की कुठल्याही डब्यावर चालते. मात्र मग साठ जणांचे नमुने तुमच्या सर्व्हरवर आले आणि ते सांभाळणं गळ्यात पडलं. अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी खात्यातून चोरीला गेलेल्या ठशांचा आकडा २०१५ मध्ये आधी ११ लाख सांगितला गेला, मग तो ५६ लाखांवर गेला. तुमच्या युनिटवर तशी धाड कोण घालणार म्हणा, पण तुमचा सर्व्हर कुठल्या खोलीत आहे, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि बॅकअपची डिस्क कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते, हे मनाशी एकदा आठवून बघा.

आता हातांकडे येऊ. रेशन दुकानात आजीचा थंब घेत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. वयाने आणि कामाने बोटावरच्या रेषा झिजतात. साध्या कपॅसिटिव्ह सेन्सरला कातडीच्या उंचवट्यांत आणि खाचांत विजेचा जो बारीक फरक जाणवतो, त्यावर तो ठसा वाचतो. बोट ओलं असलं की पाण्याने खाचा भरतात आणि सगळं सपाट दिसतं. फार कोरडं असलं तर स्पर्शच नीट होत नाही. काच असलेल्या ऑप्टिकल रीडरची अडचण वेगळी. हळदीच्या बोटांनी पहिल्या तासात काच पिवळी होणार, आणि जुलैत गाडीतून भिजत उतरलेली माणसं त्यावर चिखल करणार. कातडीच्या वरच्या थराखालीही बघणारे मल्टिस्पेक्ट्रल रीडर मिळतात. ते महाग असतात, पण असल्या हातांना चांगले. तळहाताच्या शिरा इन्फ्रारेडने वाचणारं यंत्रही आहे, त्याला हात टेकवावासुद्धा लागत नाही. मात्र तुमच्या डब्यावर ते चालतं का, हे बघितल्याशिवाय नाव काढू नका.

साहेबांच्या कॅमेऱ्याबद्दल त्यांना एवढंच विचारा : मिरची कांडपाच्या खोलीतून येणारी माणसं तोंडाला फडकं आणि डोक्याला टोपी घालून येतात, ती दर वेळी उतरवायची का? शिवाय साधा वेबकॅम फोटोलाही भुलू शकतो, म्हणूनच विंडोज हॅलोला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. तसला कॅमेरा ३४ ठिकाणी लावायचा खर्च ऐकला की साहेब आपणच गप्प होतील.

ठसाही फसतोच. योकोहामाच्या एका प्राध्यापकाने २००२ मध्ये जिलेटिनच्या बोटांनी तेव्हाचे बरेचसे रीडर फसवून दाखवले होते. पण तुमच्याकडे जिलेटिनचं बोट करत कोणी बसणार नाही. तुमचा चोर ‘जरा तुझ्या नावाने उघड ना’ म्हणणारा आहे. पावतीतलं वजन अशानेच बदललं असणार.

तर मी तुमच्या जागी असते तर पॅकिंगच्या मजल्यावर बायोमेट्रिक आणलंच नसतं. स्मार्टकार्ड (चिप असलेलं कार्ड) आणि सहा आकडी पिन, बस. ही कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९९ साली सन रे नावाचा डबा काढला, त्यात कार्ड खोचायची फट होती. कार्ड काढून दुसऱ्या डब्यात खोचलं की अर्धवट राहिलेलं काम तसंच तिथे उघडायचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादूच वाटली होती. विंडोज सर्व्हरलाही स्मार्टकार्डचं लॉगिन कित्येक वर्षांपासून येतं आणि बऱ्याच डब्यांतून ते सर्व्हरपर्यंत पोचतं. गेटवर टेकवायची स्वस्तातली १२५ किलोहर्ट्झची कार्डं मात्र यात खपवू देऊ नका. त्यांची नक्कल करणारी यंत्रं बाजारात सहज मिळतात. आणि कार्ड काढलं की स्क्रीन लगेच लॉक झाला पाहिजे. हे सेटिंग विसरलात तर चहाच्या सुट्टीत सगळं मुसळ केरात.

कार्ड उसनं देतील, पिनही सांगतील, हे मला कळतं. त्यासाठी त्याच कार्डावर हजेरी आणि कँटीन दोन्ही टाका. स्वतःचं जेवण अडतंय म्हटल्यावर कार्ड कोणी सहज देत नाही.

अकाउंट्स आणि खरेदीची जी सात-आठ माणसं असतील, ज्यांच्या हाताला हळद लागत नाही आणि ज्यांच्या सहीने पैसे हलतात, त्यांना ठसा वाचणारी सिक्युरिटी की द्या. पेनड्राइव्हएवढी असते. ठसा तिच्याच पोटात राहतो, जुळवणीही तिथेच होते, सर्व्हरकडे फक्त ‘हो, हाच माणूस’ याची सांकेतिक खूण जाते. सर्व्हर जुन्या घडणीचा असेल तर ती थेट लॉगिनला चालत नाही, तेव्हा हेही आधी तपासून घ्या.

व्हेंडर दाखवायला आला की त्याच्या गुळगुळीत बोटावर जाऊ नका. तुमच्याकडच्या सगळ्यात खरखरीत हातांच्या तीन बायका बोलवा. पहिल्या डब्यावर नोंद, सातव्या डब्यावर लॉगिन. मग दोन्ही डब्यांची वायर भिंतीतून ओढून काढा, पुन्हा लावा, आणि परत लॉगिन करायला सांगा. मी हे शनिवारीच केलं असतं तर वडापावचे पैसे वाचले असते.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात लॉगिनसाठी सगळ्यांचे ठसे घेताहेत. हे आधारला जोडलं जाईल का? मी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय, मग ऑफिसात माझं बोट चालेल का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : चालेल. तुमच्या ऑफिसचं यंत्र तिथेच घेतलेल्या नमुन्याशी बोट ताडून बघतं, आधारच्या साठ्याकडे जात नाही. त्यामुळे तुमच्या लॉकचा त्याच्याशी संबंध नाही; लॉक तसंच राहू द्या.

पण ठसा ही २०११ च्या आयटी नियमांनुसार संवेदनशील माहिती आहे आणि ती घेताना लेखी संमती घ्यायची असते. सहीसाठी कागद पुढे आला की त्यात दोन गोष्टी लिहिल्यात का बघा : नमुना कुठे ठेवणार, आणि तुम्ही नोकरी सोडल्यावर किती दिवसांत पुसणार. नसतील तर एचआरला मेल टाका. तोंडी ‘हो हो, पुसतो’ म्हणतात, आणि सोडून गेलेल्यांची बोटं चार-चार वर्षं यादीत तशीच. मी स्वतः अशी एक यादी साफ केली आहे. त्यात निवृत्त झालेले आमचे शिपाईमामाही होते.