कायद्याची विचारपूस : बांधावरचे भांडण, एफआयआरमधली कलमे आणि वकील

प्रश्न : शेताच्या बांधावरून चुलतभावांशी मारामारी झाली. त्यांनी मी, माझा भाऊ आणि ६४ वर्षांचे वडील अशा तिघांवर गुन्हा नोंदवला. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) ही कलमे आहेत. पोलिसांची नोटीस आली आहे. अटक होईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : या पाचांत खरे दुखणे एकच, ११८(१). जुन्या भारतीय दंड संहितेतले ३२४, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असे) आणि अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. पोलीस ठाण्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्ट विचार करून देते, एवढाच अर्थ. ११५(२) म्हणजे जुने ३२३, साधी मारहाण, १ वर्षापर्यंत. ३५२ शिवीगाळ करून डिवचल्याबद्दल आणि ३५१(२) धमकीबद्दल, दोन्हींना २ वर्षांपर्यंत.

३(५) हा वेगळा गुन्हाच नाही. जुन्या ३४ प्रमाणे ‘सगळ्यांचा इरादा एकच होता’ असे म्हणण्यापुरते ते कलम. पण बांधावर नुसते उभे असलेले वडीलही त्यानेच आत ओढले जातात. फिर्यादीत त्यांच्या हातात काय होते, त्यांनी कोणाला कुठे मारले हे लिहिले आहे का, ते आधी वाचा. काहीच लिहिले नसेल, तर त्यांचा बचाव तुमच्यापेक्षा वेगळा आहे.

कलमे आज आहेत तीच राहतील असे धरू नका. सारे समोरच्याच्या जखमेच्या दाखल्यावर ठरते. एक्स-रेत हाड मोडल्याचे निघाले, दात पडला किंवा माणूस १५ दिवस नेहमीची कामे करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत. ती हत्याराने केली असेल तर ११८(२) लागते : किमान १ वर्ष, कमाल जन्मठेप. हत्यार नसेल तर ११७(२) : ७ वर्षांपर्यंत, पण जामीनपात्र. म्हणजे हातात कोयता होता, काठी होती की काहीच नव्हते, यावर सगळा खेळ. काठी धोकादायक हत्यार ठरते का, हे तिची जाडी आणि वापर पाहून कोर्टच ठरवते.

तुम्हालाही लागले असेल तर आजच सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्या. चार दिवसांनी दाखवलेल्या जखमेवर ‘जखम ताजी नाही’ असा शेरा पडतो आणि तुमची उलट फिर्याद तिथेच लुळी पडते. पोलीस फिर्याद घेत नसतील तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा. तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता नोटीस. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) ३५(३) ची असणार. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच बजावले आहे. दिलेल्या तारखेला हजर राहा आणि हजेरीची नोंद घ्या. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणे लिहावी लागतात. गैरहजर राहिलात तर ते कारण तुम्हीच पुरवता. वडिलांबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. साठीच्या पुढच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही, ही तरतूद ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. ११८(१) ची शिक्षा ३ वर्षांपर्यंत, त्यामुळे ते संरक्षण केसभराने हुकते. धास्ती असेल तर वडिलांसाठी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागा.

तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, तसा नियमच आहे. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. पण कोठडीत ‘कोयता कडब्याच्या गंजीत ठेवलाय’ असे सांगितले आणि तो तिथे सापडला, तर तेवढे वाक्य तुमच्याविरुद्ध वापरता येते. माणूस अनेकदा इथेच गोत्यात येतो.

प्रश्न : तालुक्याचा वकील करावा की पुण्या-मुंबईचा नावाजलेला? फी किती असावी?
— आधीचेच वाचक

उत्तर : हा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालणार. तिथे रोज फौजदारी कामे चालवणारा वकील घ्या. जमिनीच्या दाव्यात तरबेज असलेला वकील इथे तितका कामी येईलच असे नाही. स्थानिक वकिलाचा फायदा ओळखीपाळखीचा नसतो, हजेरीचा असतो. दूरचा वकील प्रत्येक तारखेला येत नाही, आरोपी एकटा उभा राहतो, साक्षीदार आलेला असूनही उलटतपासणी पुढे ढकलावी लागते. कधी कोर्ट ढकलू देत नाही आणि ‘उलटतपास नाही’ अशी नोंद होते. ती पुसून काढायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च.

भेटायला जाताना एफआयआरची प्रत, नोटीस, दवाखान्याचे कागद, सातबारा आणि बांधाचे फोटो न्या. काही नेमके प्रश्न विचारा : ११८(१) चे किती खटले शेवटपर्यंत चालवलेत, उलटतपास स्वतः घेता की ज्युनियर, तुम्ही नसाल त्या दिवशी कोण उभे राहील. वकिलाकडे सनद (वकिलीचा परवाना) आहे का, याची चौकशी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

फीचा आकडा आम्ही सांगत नाही, तालुक्यागणिक बदलतो. पण टप्पे पाडून घ्या : जामीन, आरोप निश्चितीपर्यंत, साक्षीपुरावा, युक्तिवाद. टायपिंग, नकला आणि प्रवास फीमध्ये आहे की वेगळा, हेही लिहून घ्या. ‘सुटलात तर इतके द्या’ असा करार करायला वकिलांना बंदी आहे. असे बोलणाऱ्याकडून उठून या. ‘साहेबांना सांगतो’ म्हणणाऱ्याकडून तर पायात चपला न घालता उठा. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. पटले नाही तर वकील बदलता येतो. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

तिघांसाठी एकच वकील स्वस्त पडतो. मात्र वडिलांचा बचाव ‘मी भांडण सोडवत होतो’ असा असेल, तर त्यांच्यासाठी वेगळा वकीलच बरा. एकाच्या बचावासाठी दुसऱ्यावर ढकलायची वेळ आली, की एकाच वकिलाची पंचाईत होते.

प्रश्न : दोषारोपपत्र दाखल झाले. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? ‘कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा’ असा सल्ला मिळतोय.
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : नाही. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांचे म्हणणे. आरोप निश्चित करते ते कोर्ट. हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्याच्या प्रती फुकट मिळायला हव्यात. पानांचे क्रमांक जुळवून घ्या, जखमेचा दाखला आणि पंचनामे आहेत का ते पाहा. खटला वॉरंट प्रकारचा असेल, म्हणजे शिक्षा २ वर्षांहून जास्त असेल, तर प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला पुढे न चालवताच आरोपातून सोडण्याचा, अर्ज करता येतो. ही मुदत बरेच जण गप्पांत घालवतात.

कबुली म्हणजे दोषसिद्धी. दंड ५०० रुपये असला तरी नोंद राहते आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत समोर येते. त्यापेक्षा तडजोड पाहा. ११५(२), ३५२, ३५१(२) फिर्यादीच्या संमतीने मिटतात. ११८(१) त्या यादीत नाही. दोन्ही बाजू राजी असल्या तरी खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडच्यांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू आहे.

प्रश्न : भाऊ कोठडीत आहे, वकिलाला पैसे नाहीत.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. अटकेचा दिवस नव्हे, पहिल्या रिमांडचा (कोर्टाने कोठडी दिल्याचा) दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवसासह ६० दिवसांत (१० वर्षे किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९०) दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. मात्र अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो, म्हणून मुदत संपताच सकाळी कोर्ट उघडण्याच्या वेळी वकिलाला तिथे हजर राहायला सांगा.