गाडीत अ‍ॅम्प बसवताय? आधी वायरचं बघा

मागच्या वेळी म्हटलं होतं अ‍ॅम्प्लिफायरबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर इनबॉक्स भरूनच गेला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातले वारंवार आलेले प्रश्न घेतोय.

दादा, २००० वॅटचा फोर चॅनल अ‍ॅम्प साडेतीन हजारात मिळतोय, घेऊ का? (नगर)

घ्या की, पण तो २००० वॅटचा नाहीये एवढं लक्षात ठेवून घ्या. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते पीक किंवा मॅक्स, आपल्याला बघायचं असतं आरएमएस, म्हणजे सतत देता येते ती पॉवर. आणि आरएमएस पण खोटं लिहितात म्हणून सोपी युक्ती सांगतो, अ‍ॅम्पच्या मागे फ्यूज किती अँपियरचा आहे ते बघा. समजा ३० चा एकच फ्यूज आहे, गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास, म्हणजे तो अ‍ॅम्प आतच घेणार ४१४ वॅट, त्यात क्लास एबी (जास्त तापणारं सर्किट) असेल तर साधारण ६० टक्केच स्पीकरपर्यंत पोचतात, बाकीची नुसती उष्णता. म्हणजे अडीचशे वॅट, चारही चॅनल मिळून. दाराच्या चार स्पीकरला ते पुरतात सुद्धा, फक्त २००० च्या नावाने पैसे देऊ नका.

फिटरवाला म्हणतो बॅटरीजवळ वेगळा फ्यूज लागत नाही, अ‍ॅम्पला स्वतःचा फ्यूज असतो. बरोबर आहे का? (कोल्हापूर)

नाही. साफ चूक. आणि हे ऐकलं की माझं डोकं सटकतं, कारण मी स्वतः अशी एक गाडी बघितलीय जिच्यात बॉनेटखालून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकाच्या कडेवर घासून घासून सोलली होती, रबरी ग्रोमेट टाकलंच नव्हतं, आणि मालकाचं नशीब की जळका वास लवकर आला.

नीट समजून घ्या. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते, ती मध्ये कुठेही बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपियर त्या वायरमधून ढकलते, अ‍ॅम्पपर्यंत करंट पोचतच नाही तर त्याचा फ्यूज उडणार कसा? वायर तापते, वरचं प्लास्टिक पेटतं, खाली कार्पेट असतंच. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत, जेवढा जवळ तेवढा चांगला.

किती अँपियरचा? ४०० वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी तापणारा) अ‍ॅम्प धरा, ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे आत ५०० वॅट, भागिले १३.८, आले ३६. फ्यूज ४० चा, वायर ८ गेजची, पण ती खरी तांब्याची. बाजारात निम्म्याहून जास्त किट सीसीएचे असतात, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, चाकूने एक तार खरवडली की पांढरी चमकते, लगेच कळतं. तीच घ्यायची असेल तर एक साईज जाड घ्या, ८ च्या जागी ४ (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड). अ‍ॅम्पमध्ये हजार रुपये वाचले तरी चालतील, इथे वाचवू नका. आणि हो, काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवायचं, त्या फिटरने काढलं होतं का विचारा जरा.

रेस केली की स्पीकरमधून कुईईई आवाज येतो, रेस सोडली की कमी होतो. (रत्नागिरी)

अल्टरनेटरचा आवाज आहे तो. आधी अ‍ॅम्पमधून आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल आणणारी) काढून बघा. आवाज बंद झाला तर तो केबलमधून किंवा स्टिरिओकडून येतोय, म्हणजे पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने ओढलेत का बघा, एक डावीकडून तर दुसरी उजवीकडून हवी. केबल काढूनही येत असेल तर अ‍ॅम्पकडेच बघा. पण माझ्या अनुभवात दहातल्या सात गाड्यांत दोष अर्थिंगचा, म्हणजे मायनसची वायर बॉडीला जोडतात तिथला, निघतो. रंगावरच बोल्ट आवळलेला असतो! पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढा, वायर दीड फुटापेक्षा लांब नको, प्लसच्या वायरएवढीच जाड हवी, आणि सीटबेल्टच्या बोल्टला कधीच बांधायची नाही. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत आवळून झाल्यावर वरून थोडं ग्रीस लावाच, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर परत हाच प्रश्न विचाराल.

कंपनीचा टचस्क्रीन काढायचा नाहीये, त्याला मागे आरसीए नाही. काय करू? (पुणे)

हाय लेव्हल इनपुटवाला अ‍ॅम्प घ्या, स्पीकरच्या वायरमधूनच सिग्नल घेतो, बरेचसे त्यावरूनच आपोआप चालू होतात त्यामुळे रिमोट वायर (स्टिरिओबरोबर चालू करणारी) शोधत बसायला नको. कंपनीच्या वायरी कापायच्या नाहीत, तुमच्या मॉडेलचा कपलर (तयार प्लग) मिळतो, तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. वॉरंटीवरून भांडणं होतात ती बहुतेक कापलेल्या वायरींमुळेच.

गेन फुल ठेवला तर चालेल ना? (वाशी)

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही हो. स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवून घ्यायचं बटण आहे ते. सबवूफर काढून ठेवा, त्याच्या जागी मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण, बास बूस्ट बंद, ५० हर्ट्झचा टोन वाजवा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवायचा. ३०० वॅट, ४ ओहम असेल तर ३४.६ व्होल्ट, तिथे आलं की थांबायचं. फुल ठेवलात तर आवाज फाटतो आणि सबची कॉईल जळते, मग दुकानदाराला शिव्या.

बास पडला की हेडलाईट मिचमिचतात, कपॅसिटर लावू? (नाशिक)

नको. आधी बॅटरीचं वय आणि अर्थिंग बघा, कपॅसिटर शोभेला बराय.

इव्हीमध्ये बसवता येतो का? (ठाणे)

येतो, त्यातही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, कनेक्शन तिथूनच. आवाका मात्र लहान ठेवा, सीटखालचा छोटा अ‍ॅक्टिव्ह सब (आतच अ‍ॅम्प असलेला) वगैरे. आणि नारिंगी रंगाची केबल दिसली की हात मागे, ती हाय व्होल्टेजची आहे, तिच्या आसपास ड्रिलसुद्धा मारायचं नाही.