गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम असतं, मग घरात ठेवायचं का?

प्रश्न : आमचं जुनं धाब्याचं घर पाडायला काढलंय. माळ्यावर सासऱ्यांची पत्र्याची पेटी सापडली, त्यात गॅसबत्तीचे मेंटल, म्हणजे ज्योतीवर बांधायच्या जाळ्या, पन्नासेक पुड्या असतील. सासरे लग्नाच्या वरातीला बत्त्या भाड्याने द्यायचे. मुलगा म्हणतो यात थोरियम असतं, किरणोत्सारी, हात नको लावू. कोणी म्हणतं थोरियम म्हणजे अणुइंधन, लाखात विकलं जाईल. आणि सासूबाईंनी एकच विचारलं, ह्यांना शेवटी दमा होता तो यानेच झाला का? (एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं. तो दमा या मेंटलच्या माथी मारू नका. थोरियम फुप्फुसात साठून राहिलं तर भीती असते ती कॅन्सरची, दम्याची नाही. रात्र रात्र घासलेटचा धूर नाकात गेला तर मात्र दम्याच्या माणसाला त्रास होतोच.

मुलगा म्हणतो ते खरं आहे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने 1891 मध्ये मेंटलचं जे मिश्रण बसवलं ते 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड, आणि जुने मेंटल बहुतेक याच पद्धतीचे. कापडाची जाळी थोरियमच्या क्षारात भिजवून वाळवायची, बत्तीला बांधून पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि ऑक्साइडचा पांढरा सांगाडा उरतो, फुंकर मारली तरी तुटेल इतका नाजूक. थोरियम ऑक्साइड वितळायला 3300 अंशांच्या आसपास तापमान लागतं म्हणून तो ज्योतीत टिकतो आणि लख्ख उजेड देतो.

पण तो उजेड किरणोत्साराचा नाही, इथेच बरेच जण फसतात. उजेड उष्णतेचा, बत्ती विझली की मेंटलही विझतो, आणि तुमच्या पेटीत इतकी वर्षं अंधारच होता ना. थोरियम फार सावकाश झिजतं, अर्धं व्हायला 1400 कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाएवढा काळ. त्याचे अल्फा किरण कागदानेही अडतात. सोबत थोडे भेदक किरणही निघतात, जुन्या काळी मेंटल फोटोच्या फिल्मवर काही दिवस ठेवला की जाळीचा ठसा उमटायचा, पण बंद पुडीजवळून ये-जा केल्याने काही बिघडत नाही.

धोका आहे तो भुकटीचा. ती श्वासातून किंवा पोटात गेली तर थोरियम शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. पूर्वी एक्स-रेसाठी थोरोट्रास्ट नावाचं थोरियमचं औषध शिरेतून द्यायचे, ते यकृतात साठलं आणि कित्येकांना वर्षानुवर्षांनी यकृताचा कॅन्सर झाला. मेंटलचं प्रमाण त्यापुढे फार थोडं, तरी भुकटी अंगात जाऊ द्यायची नाही. म्हणून पुड्या फोडू नका, मुलांच्या हातात देऊ नका, तुटलेली राख झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधा आणि हात साबणाने धुवा.

लाखाचं म्हणाल तर ते विसरा. एका मेंटलमध्ये थोरियम एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि थोरियम स्वतः अणुइंधन नाहीच, अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून त्याचं युरेनियम 233 होतं तेव्हा ते इंधन. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची कामिनी नावाची छोटी अणुभट्टी 1996 पासून त्याच युरेनियमवर चालते. थोरियम आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत भरपूर आहे, त्यासाठी कोणी तुमची पेटी शोधत येणार नाही, आणि आला तर दारातूनच परत पाठवा.

पेटी जाड प्लास्टिकमध्ये बांधा, वर काय आहे ते लिहा, गुरांच्या गोठ्याजवळ पुरू नका, शेकोटीत टाकू नका. पन्नास पुड्या आहेत म्हणून मुंबईला अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला पत्र टाकून विचारा कुठे द्यायच्या ते. सासऱ्यांची एखादी बत्ती उरली असेल तर तिच्यावरचा जुना मेंटल उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून, ओला करून काढा आणि बत्ती घासूनपुसून नव्या घरात ठेवा.